जुन्या प्रोसेसरचा वाढविलेला वेग : सांभाळावा की बदलावा?

मे महिन्यातील दुपार. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या मार्गावरील नायगावात पाऱ्याने बेचाळीस अंशांची मजल गाठलेली असते. घरातील संगणकावर रंगात आलेला खेळ अडखळू लागतो, पडद्यावरील चित्र क्षणभर गोठते, निळा पडदा झळकतो आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते. हाच संगणक डिसेंबरात तासन्‌तास विनातक्रार चालत होता. प्रोसेसर आठ-दहा वर्षांचा, त्यातही मूळ वेगापेक्षा अधिक वेगाने चालविलेला. तेव्हा ‘आता तो संपला, नवा घेतलाच पाहिजे’ असा निष्कर्ष घरातील तरुण मंडळी लगेच काढतात.

हा निष्कर्ष बरोबर असू शकेल. परंतु तपासाविना तो स्वीकारला, तर पाच आकडी रक्कम भलत्याच भागावर खर्च होण्याचा धोका असतो. तालुक्याच्या गावी तर हा प्रश्न केवळ खेळापुरता राहत नाही. ज्या यंत्रावर रात्री खेळ चालतो, त्याच यंत्रावर दिवसा प्रवेशाचे अर्ज भरले जातात, शिकवणीच्या चित्रफिती पाहिल्या जातात, दुकानाचा हिशेब ठेवला जातो. ते अस्थिर झाले, तर नुकसान साऱ्या घराचे होते. म्हणून निर्णयापूर्वी काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने तपासावे, याचा हा विचार.

‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणजे काय?

प्रोसेसरचा वेग हा दोन आकड्यांचा गुणाकार असतो : पायाभूत घड्याळाची गती आणि तिचा गुणक. यांपैकी कोणताही आकडा कारखान्याने ठरविलेल्या मर्यादेपलीकडे नेणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा या छंदाचा मानबिंदू समजला जातो. त्याचा गुणक साडेचार आणि पायाभूत गती ६६ मेगाहर्ट्‌झ, म्हणून वेग ३०० मेगाहर्ट्‌झ. मदरबोर्डवरील ही गती १०० केली की तोच स्वस्त प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्‌झवर धावू लागे आणि त्या काळच्या कितीतरी महागड्या पेंटियमशी स्पर्धा करी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून अनेक ठिकाणी सुटे भाग जुळवून संगणक बनविणाऱ्यांना याचे मोठे अप्रूप होते.

पुढे जानेवारी २०११ मध्ये इंटेलने कोअर आय५-२५००के बाजारात आणला. नावातील ‘के’ हे अक्षर गुणक खुला असल्याची खूण होय. पायाभूत १०० मेगाहर्ट्‌झ आणि गुणक ३३ म्हणजे ३.३ गिगाहर्ट्‌झ, गुणक ४५ केला की ४.५ गिगाहर्ट्‌झ. बऱ्यापैकी हीटसिंक बसविल्यास अनेकांना हा वेग साधत असे. एक पैसाही अधिक न मोजता मूळ वेगात सुमारे ३६ टक्क्यांची भर! त्यामुळे या पिढीचे प्रोसेसर लोकांनी वर्षानुवर्षे बदलले नाहीत आणि शहरातील थोरल्या भावंडांकडून ते गावाकडील धाकट्यांकडे आले. आज निर्णय घ्यावयाचा आहे तो बहुधा अशाच एखाद्या यंत्राबाबत.

वेगाची किंमत उष्णतेत

वाढीव वेग फुकट मिळतो, हे अर्धसत्य आहे. वेग वाढविला की तो स्थिर राखण्यासाठी विद्युतदाबही थोडा वाढवावा लागतो. प्रोसेसर जी वीज खातो, ती वेगाच्या प्रमाणात वाढते आणि विद्युतदाबाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. उदाहरणादाखल ३.३ चे ४.५ गिगाहर्ट्‌झ करताना दाब १.२ वरून १.३५ व्होल्टवर न्यावा लागला असे धरू. वेगाचे गुणोत्तर १.३६ आणि दाबाच्या वर्गाचे १.२७; दोहोंचा गुणाकार सुमारे १.७३. म्हणजे कामात एकतृतीयांशाची भर आणि उष्णतेत जवळजवळ पाऊणपट भर, असा हा सौदा आहे.

येथे मराठवाड्याचे हवामान आड येते. हवेवर चालणारा पंखा प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली कधीच नेऊ शकत नाही. तो केवळ दोहोंतील अंतर मर्यादित ठेवतो. एखाद्या यंत्रात पूर्ण भारावर हे अंतर ५० अंशांचे असेल, तर हिवाळ्यातील २० अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७० अंशांवर राहील. मे महिन्यात पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत तापमान ३८ अंश असेल, तर तोच प्रोसेसर ८८ अंशांवर जाईल. त्यात हीटसिंकच्या पात्यांत साचलेली धूळ आणि वाळून कोरडी झालेली थर्मल पेस्ट यांची भर पडली की शंभरी जवळ येते. बहुतेक प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास स्वतःचा वेग आपोआप उतरवितात; त्याही पलीकडे गेल्यास यंत्र बंद पडते. पुण्यातील वातानुकूलित खोलीत स्थिर ठरलेली मांडणी नायगावच्या दुपारी स्थिर ठरेलच, असे नाही.

दुसरी गोष्ट विजेची. घरगुती वापराचे ६०० व्हीए क्षमतेचे यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटचा भार पेलते. वेग वाढविलेला प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर यांचा एकत्रित भार खेळाच्या ऐन वेळी ही मर्यादा ओलांडू शकतो. मग वीज जाताच यूपीएस असूनही संगणक बंद पडतो आणि दोष प्रोसेसरच्या माथी येतो.

म्हातारपण की केवळ मरगळ?

वाढीव दाब आणि उष्णता यांखाली वर्षानुवर्षे राबलेला प्रोसेसर खरोखरच झिजतो. त्यातील अतिसूक्ष्म धातूवाहिन्यांतून सतत वाहणाऱ्या विद्युतप्रवाहामुळे धातूचे अणू हळूहळू जागा सोडतात. ट्रान्झिस्टरचे गुणधर्मही बदलतात. परिणाम असा की, पूर्वी ज्या दाबावर ४.५ गिगाहर्ट्‌झ स्थिर होते, त्याच दाबावर आता चुका होऊ लागतात. अशा वेळी अनेकजण दाब आणखी वाढवितात. यंत्र काही महिने सावरते, पण झीज अधिक वेगाने होऊ लागते. हे म्हणजे व्याज फेडण्यासाठी नवे कर्ज काढण्यासारखे आहे.

ही झीज केवळ हौशी मंडळींच्या यंत्रांतच होते, असेही नाही. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अवाजवी विद्युतदाबामुळे अस्थिर होत असल्याचे २०२४ साली कंपनीने मान्य केले, त्यावर सुधारित मायक्रोकोड दिला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली.

तेव्हा पहिली चाचणी अगदी साधी आणि बिनखर्चाची आहे. बायोसमध्ये जाऊन प्रोसेसर त्याच्या मूळ वेगावर आणि मूळ दाबावर आणावा. ब्लोअरने धूळ काढावी, थर्मल पेस्ट नव्याने लावावी आणि आठवडाभर नेहमीप्रमाणे वापर करावा. यंत्र बंद पडणे थांबले, तर प्रोसेसर मेलेला नाही; त्याच्यावरील वाढीव भार तेवढा पेलवेनासा झाला आहे. मूळ वेगावरही तक्रार कायम राहिली, तर मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम रात्रभर चालवून स्मृती, म्हणजेच रॅम, तपासावी आणि शक्य झाल्यास दुसरा पॉवर सप्लाय लावून पाहावा. दहा वर्षांच्या पॉवर सप्लायमधील कपॅसिटर प्रोसेसरच्या आधी थकलेले असणे मुळीच दुर्मीळ नाही.

आणखी एक सावधगिरी. अस्थिर ओव्हरक्लॉकिंगचा खरा धोका निळ्या पडद्यात नसतो. यंत्र बंद न पडता प्रोसेसर एखादा आकडा चुकीचा मोजतो आणि ती चूक फाइलमध्ये लिहिली जाते, तेव्हा ती कळतही नाही. ज्या संगणकावर प्रकल्पाचे काम किंवा हिशेब आहेत, त्यावरील महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे घेतल्याखेरीज पुढील कोणतीही चाचणी करू नये.

अडसर नेमका कोठे?

यंत्र स्थिर असूनही खेळ संथ चालत असेल, तर प्रश्न निराळा. पडद्यावरील प्रत्येक चौकट, म्हणजेच फ्रेम, दोघांच्या श्रमातून तयार होते. खेळातील पात्रांच्या हालचाली, टकरी व नियम यांचा हिशेब प्रोसेसर करतो आणि चित्र ग्राफिक्स कार्ड रंगविते. सेकंदाला ६० चौकटी हव्या असतील, तर प्रत्येक चौकटीला १६.७ सहस्रांश सेकंद मिळतात. या दोघांपैकी ज्याला अधिक वेळ लागतो, तोच एकूण गती ठरवितो. अडसर कार्डात असताना प्रोसेसर बदलणे म्हणजे गळकी चाळणी तशीच ठेवून पिठाची गिरणी बदलणे होय.

अडसर ओळखण्याच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत निरीक्षणाची. एमएसआय आफ्टरबर्नरसारखा मोफत प्रोग्राम खेळ सुरू असतानाच पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवितो. ग्राफिक्स कार्डाचा वापर सतत ९५ ते ९९ टक्के असेल, तर मर्यादा कार्डाची आहे. तो ६०-७० टक्क्यांवर घुटमळत असेल आणि खेळाला चौकटींची कमाल मर्यादा घातलेली नसेल, तर कार्ड प्रोसेसरची वाट पाहत आहे, असे समजावे. येथे एक फसगत होते. प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्केच दिसतो, म्हणून तो निवांत आहे असे वाटते. चार गाभ्यांच्या प्रोसेसरमध्ये एकच गाभा पूर्ण राबत असेल, तरी एकूण आकडा २५ टक्केच दिसतो. म्हणून प्रत्येक गाभ्याचा वापर वेगवेगळा पाहावा.

दुसरी रीत चित्राचा आकार घटविण्याची. १९२० बाय १०८० ऐवजी १२८० बाय ७२० वर खेळून पाहावे. चौकटी लक्षणीय वाढल्या, तर अडसर कार्डात होता. त्या जागच्या जागी राहिल्या, तर तो प्रोसेसरमध्ये आहे.

तिसरी रीत जवळ ओव्हरक्लॉक केलेले यंत्र असणाऱ्यांनाच उपलब्ध आहे आणि तीच सर्वांत बोलकी. ४.५ गिगाहर्ट्‌झवरून ३.३ वर येताना वेग सुमारे पाव भागाने घटतो. तोच खेळ, तोच प्रसंग दोन्ही वेगांवर खेळून पाहावा. ६२ चौकटींच्या ६० झाल्या, तर प्रोसेसरच्या वेगाचा तेथे फारसा संबंध नाही; वाढीव उष्णता आपण विनाकारण सोशीत होतो. ६२ च्या ४७ झाल्या, तर मात्र प्रोसेसरच खेळाची गती ठरवीत आहे आणि नवा प्रोसेसर घेतल्यास फरक निश्चित जाणवेल.

सरासरीबरोबरच सर्वांत संथ एक टक्का चौकटींचा आकडाही नोंदवावा. सरासरी ६० असूनही अधूनमधून २० वर घसरणारा खेळ डोळ्यांना सलतो. अशा धक्क्यांमागे प्रोसेसर असू शकतो. पण अपुरी स्मृती किंवा फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्कही असू शकते. ८ जीबीच्या यंत्रात आणखी ८ जीबी घालणे अथवा एसएसडी बसविणे हा प्रोसेसर बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे आणि एसएसडी पुढे नव्या यंत्रातही वापरता येते.

वेग पुरेसा, तरीही दार बंद

काही वेळा मोजमापाची गरजच उरत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. घरगुती ग्राहकांसाठीची वाढीव सुरक्षा-योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची म्हणून जाहीर झाली होती. विंडोज ११ साठी अधिकृतपणे टीपीएम २.० आणि साधारणतः इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका अथवा त्यापुढील प्रोसेसर लागतो. २५००के त्यात बसत नाही, मग तो कितीही वेगाने पळो.

खेळांनीही अशीच दारे लावली आहेत. ‘व्हॅलोरंट’ हा खेळ विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘बॅटलफील्ड ६’ नेही सिक्युअर बूटची अट घातली. शिवाय काही नवे खेळ एव्हीएक्स२ या आज्ञासंचाशिवाय सुरूच होत नाहीत. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये तो २०१३ च्या चौथ्या पिढीपासून आला. जो आज्ञासंच चिपमध्ये कोरलेलाच नाही, तो गुणक वाढवून मिळत नाही.

गाभ्यांच्या संख्येचेही तसेच. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स या दोन्हींत आठ गाभ्यांचे प्रोसेसर आहेत. मोठे खेळ प्रथम त्यांच्यासाठी रचले जातात आणि मग संगणकावर येतात. त्यामुळे चार गाभे व चारच धागे असलेल्या प्रोसेसरची नव्या खेळांत दमछाक होते. जुने खेळ खेळणाऱ्यास मात्र यातील कशाचीच झळ लागत नाही. म्हणून ‘प्रोसेसर किती जुना?’ यापेक्षा ‘मला कोणता खेळ खेळावयाचा आहे?’ हा प्रश्न आधी विचारावा.

बदलावयाचे तर काय काय?

प्रोसेसर एकटा बदलता येतो की नाही, यावर खर्चाचे सारे गणित अवलंबून असते.

२५००के च्या मदरबोर्डवर फार तर २०१२ च्या तिसऱ्या पिढीतील आय७ बसू शकतो, तोही वापरलेला. धागे आठ होतात. पण एव्हीएक्स२ नाही, विंडोज ११ नाही. मिळाला तर अगदी अल्प दरात घ्यावा, एरवी नाद सोडावा. यापुढील पायरी म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्ड आणि स्मृती हे तिन्ही नवे. कारण डीडीआर३ स्मृती आजच्या बोर्डांवर चालत नाही.

एएमडीच्या एएम४ बैठकीवरील यंत्र असेल, तर नशीब थोर. २०१७ च्या रायझन १६०० साठी घेतलेल्या अनेक बोर्डांवर बायोस अद्ययावत करून रायझन ५ ५६०० बसविता येतो. बोर्ड व स्मृती तीच राहते, खर्च एकाच भागाचा येतो आणि विंडोज ११ चे दारही उघडते. मात्र बायोस अद्ययावत होत असताना वीज गेली, तर बोर्ड निकामी होऊ शकतो. हे काम यूपीएस पूर्ण चार्ज असताना, तेही भारनियमनाची वा वादळाची चिन्हे नसलेल्या वेळीच करावे.

हाताशी डीडीआर४ स्मृती असल्यास इंटेलच्या बाराव्या पिढीतील सहा गाभ्यांचा आय५-१२४००एफ आणि डीडीआर४ चा बोर्ड ही जोडी काटकसरीची ठरते. २०२२ साली आलेली एएमडीची एएम५ बैठक पुढील प्रोसेसरांची सोय ठेवते. पण तिला डीडीआर५ स्मृतीच लागते. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने स्मृतीच्या किमती जगभर कडाडल्या. तेव्हा अंदाजपत्रक मांडताना प्रोसेसरच्या आधी स्मृतीचा त्या दिवशीचा भाव विचारावा.

नव्या प्रोसेसरवर पुन्हा ओव्हरक्लॉकिंग करावे काय? आजचे प्रोसेसर तापमान व दाब पाहून स्वतःच कमाल वेग गाठतात. हाताने वाढ करण्यास फारसा वाव उरलेला नाही. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेली हानी सहसा हमीतही बसत नाही. खुल्या गुणकाचा प्रोसेसर, महाग बोर्ड आणि मोठा कूलर यांवर जाणारा जादा पैसा ग्राफिक्स कार्डाकडे वळविणे अधिक शहाणपणाचे. उलट, दाब किंचित घटवून यंत्र थंड ठेवण्याची रीत आपल्या उन्हाळ्यास अधिक मानवते.

खरेदीसाठी नायगावकरांना नांदेड जवळचे. थोडे पुढे गेल्यास सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरची मोठी संगणक-बाजारपेठ, तर दुसरीकडे मुंबईचा लॅमिंग्टन रोड. दूरच्या बाजारात पाचशे-हजार रुपये वाचतात, पण भाग सदोष निघाल्यास बदलून आणण्यास पुन्हा तेवढाच प्रवास. जीएसटीचे पक्के बिल, भागावरील अनुक्रमांकाची बिलात नोंद आणि हमीची सेवा नांदेडात मिळते किंवा कसे, याची चौकशी केल्याखेरीज पैसे देऊ नयेत. वापरलेला प्रोसेसर घेताना तो दुकानातच मूळ वेगावर अर्धा तास पूर्ण भाराने चालवून दाखविण्याचा आग्रह धरावा.

निर्णयाचा सारांश

मूळ वेगावर यंत्र स्थिर आहे आणि आवडीचे खेळ समाधानकारक चालतात : काहीही घेऊ नये. वेग मूळ ठेवावा, निदान मार्च ते जून तरी.

ग्राफिक्स कार्ड पूर्ण राबते आहे : प्रोसेसर तसाच ठेवून कार्डाचा विचार करावा. मात्र जुन्या बोर्डाची पीसीआय एक्स्प्रेस मार्गिका संथ असते. कमी मार्गिकांचे नवे स्वस्त कार्ड तेथे आपले पूर्ण बळ दाखवू शकत नाही, हे ध्यानात ठेवावे.

प्रोसेसर अडवितो आहे आणि बोर्ड नवा प्रोसेसर स्वीकारतो : केवळ प्रोसेसर बदलावा.

प्रोसेसर अडवितो आहे, बोर्डही जुना आहे किंवा हवा तो खेळ सुरूच होत नाही : तिन्ही भाग एकदम बदलावेत. पैसे अपुरे असल्यास अर्धवट बदल करण्यापेक्षा थांबणे बरे.

मूळ वेगावरही यंत्र कोसळते आणि स्मृती व पॉवर सप्लाय निर्दोष आहेत : प्रोसेसर किंवा बोर्ड अखेरच्या टप्प्यात आहे. फाइलींची प्रत आजच घ्यावी. बाकी निर्णय सवडीने.

आणि नवे यंत्र आले, तरी जुने भंगारात देण्याची घाई नको. मूळ वेगावर आणलेला, एसएसडी बसविलेला आणि लिनक्स घातलेला २५००के अभ्यास, टंकलेखन व हिशेब यांसाठी अजूनही उत्तम चालतो. घरात दोन यंत्रे झाली की खेळणारा आणि अभ्यास करणारा यांच्यातील रोजची कुरबुर मिटते, हा लाभ कोणत्याही चाचणीच्या आकड्यात दिसत नसला तरी लहान नाही.